एक नंबर माणूस

आमच्या कॉलेजात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो 'बंदचालू' होता. कुठल्याही विभागातून फोन आला, पडदा काळा झालाय, माउस हलत नाही, प्रोजेक्टर निळाच दिसतोय, की तो आधी शांतपणे विचारायचा, "एकदा बंद करून चालू केलंत का?" दहातल्या सात वेळा तेवढ्याने काम भागायचं आणि फोन करणाऱ्या प्राध्यापकाचं तोंड एवढंसं व्हायचं. उरलेल्या तीन वेळा तो खांद्याला पिशवी अडकवून जिने चढत यायचा. टोपणनाव त्याला माहीत होतं. कधीकधी तोच फोन उचलून म्हणायचा, "बोला, बंदचालू बोलतोय."

मी त्या कॉलेजचा हेडक्लार्क. मला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. चौतीस वर्षं मी एकाच टेबलामागे काढली, आणि या चौतीस वर्षांत माझं कर्तृत्व विचाराल तर एवढंच की मी कागद वाचवला. पाठकोरा कागद मी कधी फेकू दिला नाही. दोन पानांचा मजकूर एका पानात बसवून दाखवायचो. नव्या लोकांना मी त्यावर व्याख्यान द्यायचो आणि ते माझ्यामागे हसायचे. या सवयीचा मला अभिमान होता, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बंदचालू तळमजल्यावरच्या संगणक प्रयोगशाळेमागे राहायचा. तिथे पूर्वी मोडकी बाकं ठेवायच्या दोन खोल्या होत्या. सकाळी तास सुरू व्हायच्या आधी सगळी यंत्रं चालू करायला, बॅटऱ्यांवर नजर ठेवायला कुणीतरी आवारातच हवं, अशी फाईल दहा वर्षांपूर्वी मीच फिरवली होती आणि त्या खोल्या त्याला मिळवून दिल्या होत्या. तिथे तो आणि त्याचे वडील. लग्न त्याचं झालं नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, पण वडिलांचं ऐकलं की मुलीकडचे परत फिरकत नसत.

वडिलांना काचबिंदूने पार आंधळं केलं होतं. पण त्या दोन खोल्यांत म्हातारा डोळस माणसासारखा वावरायचा. खाटेपासून दारापर्यंत पाच पावलं, दारापासून नळापर्यंत नऊ. उजव्या हाताला भिंत, भिंतीवर खांद्याच्या उंचीला मुलाने ठोकलेली दोरी. चहाचं भांडं कुठे, काडेपेटी कुठे, सगळं ठरलेलं. मी मधल्या सुट्टीत बऱ्याचदा तिकडे जाऊन बसायचो, कारण कॅन्टीनचा चहा पिण्यासारखा नसायचा. मी उंबऱ्यात पाय टाकण्याआधीच आतून आवाज यायचा, "या भाऊसाहेब. डावी चप्पल फरफटतेय तुमची. चांभाराकडे जायला वेळ मिळत नाही वाटतं?"

"बाबा, तुम्हाला दिसतं आणि तुम्ही आम्हाला बनवता," मी म्हणायचो.

"दिसलं असतं तर तुमच्याकडे बघत कशाला बसलो असतो?" म्हातारा म्हणायचा, आणि आधणात अंदाजाने अगदी बरोबर तेवढीच पत्ती टाकायचा.

मुलाची नोकरी तीन-तीन वर्षांच्या करारावर होती. दर वेळी मी कागद पुढे करायचो, प्राचार्य सही करायचे, संपलं. त्या वर्षी नव्या प्राचार्या मॅडम आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. पण नियामक मंडळाने त्यांना सांगितलं होतं की प्रत्येक सेवेचं मूल्यमापन झालं पाहिजे. तंत्रसहाय्य सेवेबद्दल कर्मचारी किती समाधानी आहेत ते मोजायचं, सरासरी तीनच्या वर आली तर करार पुढे चालू, खाली आली तर काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. करार गेला की खोल्या गेल्या, हे उघडच होतं.

बंदचालूने मला जिन्यात गाठलं. "भाऊसाहेब, होईल ना हो?"

"अरे, तुला कोण वाईट म्हणणार आहे?" मी म्हणालो. मनापासून म्हणालो. ग्रंथपालबाईंची हरवलेली आख्खी यादी त्याने दोन दिवस बसून परत मिळवून दिली होती. संख्याशास्त्राचे सर आपला पासवर्ड विसरले की त्यांना तो आठवून द्यायचं कामही तोच करायचा. बाहेरून चौकशीला कुणी आलं असतं तर अर्ध्या कॉलेजने त्याच्या बाजूने भांडण केलं असतं.

प्रश्नावली मॅडमनी माझ्याकडे छपाईला दिली. तीन पानं होती. पहिल्यावर सगळ्या सूचना, दुसऱ्या-तिसऱ्यावर वीस प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकड्यांचे गोल. मी पहिलं पान चाळलं. "आपले मत गोपनीय राहील, निळ्या शाईचा वापर करावा," असली नेहमीची वटवट होती. तीन पानं म्हणजे माणशी दोन कागद. पहिलं वगळलं तर पाठपोट एकाच कागदात काम होत होतं. आम्ही चौसष्ट जण होतो. मी पहिलं पान खणात टाकलं आणि चौसष्ट कागद वाचवले.

सभागृहात फॉर्म वाटत होतो तेव्हा खेळाच्या सरांनी मागून विचारलं, "भाऊसाहेब, एक म्हणजे पहिला नंबर ना?"

"मग काय शेवटचा?" मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो, आणि मीही माझा फॉर्म घेऊन वीसच्या वीस ठिकाणी एकला गोल केला. खाली दोन ओळी मोकळ्या होत्या, त्यात लिहिलं, 'एक नंबर माणूस.'

निकाल आला तेव्हा मी रजेवर होतो. परत आलो तर फलकावर अहवाल लागलेला. सरासरी एक पूर्णांक सहा. खाली ठळक अक्षरात, 'सेवेबद्दल अतिशय असमाधानी: ८१ टक्के.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही. मला वाटलं, माणसं तोंडावर गोड बोलतात आणि कागदावर उट्टं काढतात. शिक्षकांबद्दल माझं मत तसं चांगलं कधीच नव्हतं.

बंदचालूला मी आठवडाभर बघत होतो. तो न बोलावता खोल्याखोल्यांतून फिरत होता. कीबोर्ड उलटे करून बिस्किटांचा चुरा झटकत होता, चांगल्या तारा काढून पुन्हा लावत होता. प्रत्येकाला विचारत होता, "काही राहिलं का माझ्याकडून?" आणि प्रत्येक जण त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगत होता, "छे रे, आम्ही तर तुला पहिला नंबर दिला!" त्याला वाटायचं, हे सगळे तोंडावर खोटं बोलतायत. जिन्यात भेटला की तो आता खाली बघून बाजूला व्हायचा. विनोद करणं त्याने सोडून दिलं. फोनवर नुसतं "हॅलो" म्हणू लागला.

मी त्या दिवसांत एकदाच चहाला गेलो. म्हाताऱ्याने चपलेबद्दल काही म्हटलं नाही. पत्ती टाकता टाकता विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही तिथं सगळ्यांत असता. पोराचं काय चुकलं हो?"

"बघतो," मी म्हणालो.

दोन दिवसांनी फॉर्म माझ्याकडे फाईलला लावायला आले. गठ्ठ्याला भोकं पाडताना सहज वरच्या फॉर्मवर नजर गेली. वीस ठिकाणी एक. खाली ग्रंथपालबाईंचं वळणदार अक्षर: 'याच्यासारखा माणूस मिळणार नाही.' पुढचा उघडला. वीस ठिकाणी एक. 'आमच्यासाठी देवमाणूस.' पुढचा, खेळाच्या सरांचा: 'एक नंबर!!' असे बावन्न निघाले. उरलेल्या बारांत दोघांनी सगळीकडे पाच दिले होते. त्या दोघांचं त्याच्याशी कधीच पटलं नव्हतं. अहवाल करणाऱ्यांनी आकडे तेवढे घेतले होते, शब्द वाचायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी खण उघडला. पहिलं पान तिथेच होतं, स्टेपलरच्या खाली. निळ्या शाईच्या सूचनेखाली तिसरी ओळ: १ म्हणजे अतिशय असमाधानी, ५ म्हणजे अतिशय समाधानी.

पान खिशात घालून मी निघालो खरा, पण मॅडमच्या दारापर्यंत जाऊन थांबलो. दोन वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचं शेवटचं पान असंच माझ्या हातून राहिलं होतं. तेव्हा मला मेमो मिळाला होता, आणि दुसरी चूक झाली तर सेवापुस्तकात नोंद होईल असं लेखी बजावलं होतं. निवृत्तीला माझे आठ महिने उरले होते. ते पान खिशातच राहिलं. मी फक्त बावन्न फॉर्म मॅडमपुढे ठेवले आणि घोटाळा सांगितला.

मॅडमनी पाच-सहा फॉर्म वाचले. त्यांचा चेहरा बदलला. "अरेरे," त्या म्हणाल्या. "पण अहवाल मंडळाकडे गेलाय, भाऊसाहेब. कर्मचाऱ्यांनी लेखी दिलं तरच मला तो मागे घेता येईल. मंडळाच्या बैठकीला नऊ दिवस आहेत."

मी सह्या गोळा करायला निघालो. पहिल्यांदा संख्याशास्त्राच्या सरांकडे गेलो, म्हटलं त्यांनी सही केली की बाकीचे करतील.

"म्हणजे मी लिहून देऊ की मला मोजपट्टी उलटसुलट कळत नाही?" सर म्हणाले. "वर्गात काय तोंड दाखवू? आणि सूचनांचं पान होतं कुठे? ते का नव्हतं, हे आधी तुम्ही लिहा. खाली आम्ही सगळे सह्या करतो. एका पायावर करतो."

ग्रंथपालबाईही तेच म्हणाल्या. खेळाचे सर म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही वर एक ओळ लिहा, मी उभ्या उभ्या सगळ्यांच्या सह्या आणतो." त्यांचं कुणाचंच चुकत नव्हतं. सगळं माझ्या त्या एका ओळीवर येऊन अडलं होतं. मी टाईप केलं: 'छपाईच्या वेळी पहिले पान राहून गेले.' तीन वेळा वाचलं. ही ओळ लिहिणारा माणूस कोण, ते कुठेच कळत नव्हतं, म्हणून ती मला आवडली.

सह्या घेण्याआधी मी तो कागद मॅडमना दाखवला. त्यांनी वाचला. "राहून गेलं म्हणजे? कुणाकडून?"

त्या खोलीत पंखा फिरत होता, भिंतीवर घड्याळ होतं, आणि माझ्या खिशात ते पान होतं. मी म्हणालो, "मशीनने पान खाल्लं असणार, मॅडम."

कचेरीत हे वाक्य आम्ही दिवसातून चार वेळा बोलतो. पत्र सापडलं नाही, मशीनने खाल्लं. यादी अर्धी निघाली, मशीनने खाल्लं. बोलताना कुणाचाच जीव जात नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्या मशीनची देखभाल कुणाकडे असते?"

त्यांनीच उत्तर दिलं. "त्याच्याकडेच ना? मग भाऊसाहेब, मी मंडळापुढे काय सांगू? त्याच्या सेवेचं मूल्यमापन चुकलं, कारण त्याने सांभाळलेलं मशीन बिघडलेलं होतं?" पेन पुन्हा उचलून त्या म्हणाल्या, "त्याचा खुलासा मागवा. तीन दिवसांत द्यायला सांगा."

खुलासा मागवणारा मेमो मीच टाईप केला. माझंच काम होतं ते. तो घेऊन मीच तळमजल्यावर गेलो.

बंदचालूने मेमो उभ्यानेच वाचला. मग बावन्न फॉर्मांची गोष्ट मी त्याला सांगितली, कारण तेवढी तरी त्याला कळायला हवी होती. तो मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे लोक नाराज नव्हते?" असं त्याने दोनदा विचारलं. त्याचे डोळे भरून आले, पण तो हसत होता. आतल्या खोलीच्या दाराकडे वळून तो ओरडला, "बाबा, पहिला नंबर दिलावता सगळ्यांनी!" आणि मग पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून म्हणाला, "मशीन बघून येतो. माझं मशीन पान खात नाही, भाऊसाहेब. मागच्याच महिन्यात रोलर बदललेत."

अर्ध्या तासाने तो माझ्या टेबलाशी आला. हातात एक अरुंद चिठ्ठी होती. आमच्या झेरॉक्स मशीनमध्ये प्रत्येक कामाची नोंद राहते, ती त्याने छापून काढली होती. मला हे माहीत नव्हतं. त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिलं होतं: मूळ पाने २, प्रती ६४.

"मशीनला तिसरं पान दिलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. कचेरीत आणखी दोघं होती, म्हणून हळू.

"असेल," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने ती चिठ्ठी माझ्या टेबलावरच्या काचेखाली सरकवली आणि म्हणाला, "खुलासा तुम्हीच टाईप कराल ना? मला ती भाषा जमत नाही."

त्याला सरळ वर जाता आलं असतं. चिठ्ठी मॅडमपुढे ठेवायची आणि माझं नाव घ्यायचं, इतकं सोपं होतं. पण त्या खोल्यांची फाईल मी फिरवली होती, त्याच्या बापाच्या हातचा चहा मी दहा वर्षं प्यायलो होतो, आणि त्याला वाटलं की भाऊसाहेब आहेत, ते करतील. मी टाईप केलं: 'तपासणीअंती यंत्र सुस्थितीत आढळले.' मूळ पानं दोन, हे मी लिहिलं नाही. कागद सहीला त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. वर बघितलं. मी खणात काहीतरी शोधू लागलो. त्याने सही केली.

यंत्र सुस्थितीत आहे, म्हणजे पान कुणी खाल्लेलं नाही, म्हणजे लोकांना सूचना मिळाल्या होत्या. सह्यांचा कागद पुढे गेलाच नव्हता, म्हणून मंडळाने असा अर्थ लावला. काम बाहेरच्या कंपनीला गेलं. खोल्या महिनाअखेर रिकाम्या करायच्या होत्या. ते नऊ दिवस आणि त्यानंतरचे वीस, मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं. चहाला जाणं मी बंद केलं. चपलेच्या आवाजावरून म्हातारा मला ओळखेल, या भीतीने मी प्रयोगशाळेच्या बाजूने जायचंच टाळायचो. चाव्या द्यायला बंदचालू कचेरीत आला, त्याने रजिस्टरमध्ये नोंद केली, आणि टेबलापाशी जरासा घुटमळला. काचेखाली चिठ्ठी होती. मी म्हणालो, "बरं मग. तब्येतीला जप." तो गेला.

आता पडदा काळा झाला की आम्ही एका नंबरवर फोन लावतो. वीस मिनिटं संगीत वाजतं आणि मग एक मुलगी विचारते, "सर, एकदा बंद करून चालू केलंत का?"

त्याला जागा मिळाली ती एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर. म्हाताऱ्याला त्याने हाताला धरून सगळं दाखवलं होतं: दार इथे, नळ इथे, जिना इथे. नव्या घरी नळ चार पावलांवर होता. पण चौथ्या दिवशी मुलगा कामाला गेलेला असताना म्हातारा उठला आणि पाय आपल्या जुन्या सवयीने चालले. दारापासून नऊ पावलं मोजायची होती. सातव्याला जिना होता. खुब्याचं हाड मोडलं. अकरा दिवस दवाखान्यात होता, मग गेला.

मला हे ग्रंथपालबाईंकडून कळलं. मी ताबडतोब गेलो नाही. रीतसर निवृत्त झालो, सत्कार झाला, सेवापुस्तक स्वच्छ राहिलं. खेळाच्या सरांनी भाषणात सांगितलं की भाऊसाहेबांनी कॉलेजचे लाखभर कागद वाचवले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेबल रिकामं करताना मी काच उचलली, चिठ्ठी आणि ते पान पाकिटात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पत्ता काढला.

तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. जेमतेम एक माणूस बसेल एवढा काउंटर, डोक्यावर पिवळा दिवा. मला बघून तो उठायला लागला, मी त्याला बस म्हटलं. बाबांबद्दल काय बोलायचं ते मी वाटभर जुळवून आणलं होतं.

पण त्यानेच आधी विचारलं, "तुम्ही किती दिले होते मला?"

"एक."

"म्हणजे पहिला."

"पहिला," मी म्हणालो. मग पाकिटातून पान काढलं आणि काउंटरवर, उघडून ठेवलेल्या फोनशेजारी ठेवलं. "हे मीच काढून ठेवलं होतं रे. मशीनने नाही. मी."

त्याने पानाकडे बघितलं, हात लावला नाही. "माहीत होतं मला," तो म्हणाला. "चिठ्ठी काढली त्या दिवसापासून. बाबांनाही माहीत होतं. ते म्हणायचे, थांब, भाऊसाहेब सांगतील." त्याने चिमट्याने एक बारीक स्क्रू उचलला आणि जागेवर बसवला. "चाव्या द्यायला आलो तेव्हा मी थांबलो होतो थोडा वेळ."

"हो," मी म्हणालो. "बघितलं होतं मी."

मागे एक बाई बंद पडलेला फोन घेऊन उभी होती. त्याने मान वाकवून माझ्या बाजूने पलीकडे बघितलं आणि म्हणाला, "जरा बाजूला व्हाल का, भाऊसाहेब? गिऱ्हाईक आलंय."